चार दिवसांची बॅग

आक्का बॅग भरायला बसली की आधी कॉट मोकळी करायची, चादर ताणून घ्यायची आणि न्यायचे कपडे एकेक करून तिच्यावर मांडायची. मग दारापर्यंत मागे सरकून, कमरेवर हात ठेवून, डोळे बारीक करून सगळ्यांकडे बघत राहायची. थोड्या वेळाने पुढे होऊन एखादी साडी उचलायची आणि तिला म्हणायची, "तू न्हाय यायचं. तुझं कुणाशी पटत न्हाय." साडी परत कपाटात. पुढे मी चांगल्या शिकलेल्या, विमानाने फिरणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या, पण साडीला तोंडावर नकार देणारी आक्का एकच.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत तळमजल्यावर तिचं फॉल-पिकोचं आणि ब्लाउज शिवायचं दुकान होतं, मागे दोन खोल्यांचं घर. वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. माझे वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, आई अंगणवाडीत. आक्का गडहिंग्लजच्याही पलीकडची, कर्नाटकाला खेटून असलेल्या गावची. तिच्या बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचे. मला ती 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. वयाने ती माझ्या आईपेक्षाही मोठी होती. पण ती सगळ्या गल्लीची आक्का आणि मी तिची तंगी, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मी तिला 'अगं आक्का' म्हणायचे आणि आईही तसंच म्हणायची.

तर ही आक्का वर्षातून एकदा, लग्नसराई संपली की, दुकानाला चार दिवस कुलूप लावून शहरात जायची. कधी मुंबई, कधी बंगळूर, कधी हैदराबाद. एकटी. तिथे तिचा देव नव्हता, नातेवाईक नव्हते, डॉक्टरही नव्हता. कुणी विचारलं तर सांगायची, "गळे बघायला जातो." गळे म्हणजे ब्लाउजचे. ते खरंही होतं. परत आली की महिनाभर दुकानात नवे गळे, नव्या बाह्या निघायच्या आणि ताराबाई पार्कातल्या बायका गाड्या घेऊन आमच्या गल्लीत यायच्या. पण मला एकदा तिने दुसरं कारण सांगितलं. "चार दिवस मला कोण आक्का म्हणत न्हाय गं तंगी. कुणाचा फॉल न्हाय, कुणाचं हुक न्हाय. लोक म्याडम म्हणत्यात. लई बरं वाटतंय जिवाला." वर्षातले हे चार दिवस तिचे स्वतःचे होते. ते टिकवण्यासाठी तिला दर वर्षी नव्याने झगडावं लागायचं, आणि तिची सगळी हुशारी तिथे कामी यायची.

तिचे मालक, आप्पा, स्वतः टेलर होते. काविळीने गेले तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा बसवराज, आमचा बसूदादा, नऊ वर्षांचा होता. दुसऱ्या वर्षी आक्काने पहिल्यांदा मुंबईला जायचं काढलं, मुलाला सासूजवळ ठेवून. नवरा गेल्यावर दुकानात गिऱ्हाईक राहिलं नव्हतं आणि तिला काहीतरी नवं शिकून यायचं होतं. घरात गहजब झाला. गंमत म्हणजे सगळा वाद सामानावरून झाला. "एकटी बाई, सामान कोण उचलणार?" असं दीर म्हणाला, मग सासू म्हणाली, मग शेजारीही म्हणाले. बाई कशाला जाते हे कुणी विचारलंच नाही. आक्काने दोन दिवस विचार केला आणि तिला सगळ्याचं मूळ सापडलं. ते ती पुढे आम्हाला हजारदा ऐकवायची: "मोठी बॅग नेली की उचलायला बाप्या लागतोय. बाप्या लागला की त्याला इचारावं लागतंय. आन् इचारलं की त्यो न्हाय म्हणतोय."

म्हणून तिने स्वतःची बॅग स्वतःच शिवली. मंडपाला वापरतात त्या जाड खाकी कापडाची, दोन बंदांची, मांडीवर मावेल आणि शिटाखाली सरकेल एवढी. त्या बॅगेच्या कितीतरी पिढ्या झाल्या. एक फाटली की त्याच मापाची दुसरी. मध्ये एकदा बसूदादाने तिला चाकांची, ओढायची बॅग आणून दिली. आक्काने ती गल्लीभर ओढून बघितली, कौतुक केलं आणि धान्याच्या डब्यांवर ठेवून दिली. "चाकं लागली की माणूस दगडंबी भरतंय," म्हणाली.

बॅग भरून झाली की तिची परीक्षा व्हायची. दोन्ही बंद एका हातात धरून आक्का आमचा जिना तीनदा चढायची आणि उतरायची. जिना अठरा पायऱ्यांचा आणि चांगला उभा. तिसऱ्या फेरीला वर आल्यावर माझ्या आईशी नीट बोलता आलं तर बॅग पास. धाप लागली तर खाली जाऊन काहीतरी बाहेर काढायचं आणि पुन्हा सुरुवात. आई दारात उभी राहून मुद्दाम लांबलचक उत्तराचे प्रश्न विचारायची. "आक्का, आज भाजी काय केलीस आन् कशी केलीस?" आक्का बॅग खाली न ठेवता सांगायची, फोडणीपासून कोथिंबिरीपर्यंत.

आता एवढ्याशा बॅगेत ती काय न्यायची ते सांगते, कारण लोकांना वाटतं कमी सामान नेणारी बाई गबाळी असणार. आक्का गबाळी कधीच दिसली नाही. सगळ्यात जड साडी अंगावर, बहुतेक गडद जांभळी इरकल. बॅगेत दोन हलक्या साड्या, एक राखाडी सुती आणि एक मोहरीच्या रंगाची रेशमी. ब्लाउज दोनच, पण दोन्ही दोन्हीकडून घालता येणारे, शिवण कुठूनही न दिसणारे. एकाची एक बाजू काळी आणि दुसरी खणाची, दुसऱ्याची एक बाजू बदामी आणि दुसरी डाळिंबी. वर एक बिनबाह्यांचं लांब जाकीट. पायात मऊ कातड्याची एकच चप्पल. दागिना हुपरीचा एकच, चांदीचा गोफ; दिवसा गळ्यात, संध्याकाळी अंबाड्याभोवती. हे सगळं गुंडाळून उशीच्या अभ्र्यात घालायचं, अभ्र्याचं तोंड नाडीने आवळायचं आणि प्रवासात तीच उशी. बोटांवर मोजत ती म्हणायची, "तीन साड्या, दोन ब्लाउज, चार बाजू. बारा बाया घिऊन चाललो बघ."

रंगांच्या बाबतीत ती फार कडक होती. एका बॅगेत मुख्य रंग तीनच, चौथा आला की भांडण. नवा कपडा बॅगेत शिरायला आला की त्याचं बाकी प्रत्येकाशी पटतं का ते ती बघायची, अगदी शेजारी शेजारी ठेवून. एकाशी जरी बिनसलं तरी तो बाहेर. गल्लीतल्या मुलींना हे माहीत झालं तसं त्या आपापल्या बॅगा तिला दाखवायला आणू लागल्या. कुणी मुलाखतीला निघालेली, कुणी लग्न होऊन पुण्याला, कुणी हनिमूनला. आक्का चष्मा लावायची आणि डॉक्टरसारखे प्रश्न विचारायची. कुठं जाणार? कुणाला भेटणार? चालायचं किती? बसायचं खाली का खुर्चीत? मग बॅगेतून एकेक वस्तू बाहेर यायची आणि प्रत्येकीबद्दल विचारलं जायचं, "ह्यो कशाला?" उत्तर 'असू दे, लागेल' असं आलं की वस्तू गेलीच.

मी स्वतः त्या 'असू दे, लागेल' पंथाची. पन्हाळ्याला एका दिवसाच्या सहलीला जातानाही मी तीन ड्रेस आणि दोन शाली घेत असे. त्यामुळे बंगळूरच्या कंपनीतून मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा आक्का आपण होऊन जिना चढून वर आली. मुलाखत तीन दिवस चालणार होती. पहिल्या दिवशी प्रश्नोत्तरं, संध्याकाळी सगळ्यांबरोबर जेवण, दुसऱ्या दिवशी कारखाना बघायचा, तिसऱ्या दिवशी निकाल. आमच्या घरातली ती पहिली नोकरी, जिथे टेबलाशी बसून काम होतं. वडील आठ दिवस आधीपासून हळू आवाजात बोलत होते. आक्काने माझ्यासाठी काळी पँट, राखाडी कुर्ता, मोहरी कुर्ता काढला आणि चार दिवसांत एक जाकीट शिवलं, एक बाजू काळी, एक खणाची.

आईला मात्र पांढरा ड्रेसच हवा होता. आमच्याकडे मोठ्या दिवसाला पांढरं. बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना आई पांढरी साडी नेसते, माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीही तिने मला पांढराच ड्रेस घालायला लावला होता. आक्का म्हणाली, "पांढरं चांगलंच गं. पण परवासात पांढरं म्हंजे तान्हं पोर. सारखं त्याच्याकडंच बघत बसायचं." आईने ऐकलं नाही. शेवटी तह झाला. पांढरा ड्रेस अभ्र्याच्या बाहेर, बॅगेत सगळ्यात वर. आणि आक्काने निक्षून सांगितलं, खायचं काही असेल ते वेगळ्या पिशवीत, कपड्यांत अजिबात नाही. आईने मान डोलावली.

आईचं मान डोलावणं म्हणजे काय हे मला माहीत असायला हवं होतं. निघायच्या दिवशी, आक्का खाली दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेत असताना, आईने बॅग उघडली आणि अर्धा किलो कांदा-लसूण चटणी, टिकावी म्हणून वर तेल सोडून, दोन पिशव्यांत दोऱ्याने बांधून आत घातली. आक्का तपासेल या धाकाने ती तिने पांढऱ्या कुर्त्याच्या बरोबर घडीत लपवली. बंगळुरात तिखट मिळत नाही असं तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. मी आयुष्यभर तिखटाशिवाय राहीन ही भीती तिला नोकरी न मिळण्याच्या भीतीपेक्षा मोठी वाटत असावी.

सकाळी बंगळूरला उतरले, मुलींच्या वसतिगृहात जाऊन बॅग उघडली आणि खोलीभर कोल्हापूर पसरलं. पांढऱ्या कुर्त्याच्या छातीवर परातीएवढा लालभडक डाग. मुलाखत अकराला. मी जमिनीवर बसून रडले आणि मग आक्काला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. आईला एक कानडी शिवी दिली, ती मी इथे देत नाही. मग विचारलं, "बाकीचं काय वाचलंय?" मी अभ्रा सोडला. नाडी घट्ट होती, आतलं सगळं कोरडं. "मग रडतीस कशाला? एक गळालं. राहिलेल्यांचं एकमेकांशी पटतंय की."

त्यांचं खरंच पटलं. सकाळी राखाडी कुर्ता आणि जाकिटाची काळी बाजू. संध्याकाळी जेवणाला तेच जाकीट उलटून खणाची बाजू. दुसऱ्या दिवशी मोहरी कुर्ता, तिसऱ्या दिवशी मोहरीवर काळं. माझ्याबरोबर मुलाखतीला आलेली एक मुलगी म्हणाली, "किती कपडे आणलेस गं तू!" जाकिटाला लसणीचा किंचित वास होता, मुलाखत घेणाऱ्यांपैकी एका गृहस्थाने दोनदा खिडकीकडे पाहिलं, पण नोकरी मिळाली. घरी फोन करून सांगितलं तर वडिलांनी मला तेच दोनदा पुन्हा म्हणायला लावलं. आईने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "चटणी खाल्लीस का न्हाय पण?" खाल्ली होती. आम्ही सगळ्या मुलींनी मिळून खाल्ली होती. पांढऱ्या ड्रेसचे डाग काही गेले नाहीत, तेव्हा आक्काने तो गडद लाल रंगवून दिला आणि आईला म्हणाली, "आता घाल किती चटणी घालतीस त्यात."

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आक्का बंगळूरला आली. मी खोली आवरली, नवी उशी आणली, आणि ही बाई उतरली एका मठाच्या यात्री निवासात. मला राग आला, मी तो बोलूनही दाखवला. आक्का शांतपणे म्हणाली, "तुझ्याकडं उतरलो की मी पावणी. पावणीला कुठं चालला म्हणून इचारत्यात. मला इचारलेलं नको हाय, तंगी." चार दिवसांतला एक दिवस तिने मला दिला, तोही उपकार केल्यासारखा. ठरलेल्या चौकात मी उभी होते आणि ती माझ्या समोरून गेली तरी मला ओळखू आली नाही. राखाडी साडी, डाळिंबी ब्लाउज, वर लांब जाकीट, अंबाड्याला चांदी, हात मोकळे. घरी मान खाली घालून मशीनवर बसणारी आक्का तिथे रुंद फूटपाथवर ऐटीत चालत होती. मला तिच्या मागून पळावं लागलं.

दिवसभर आम्ही दुकानांच्या काचांपुढे उभ्या राहिलो. आक्का काचेला नाक लावून कपड्याचे टक मोजायची. "ही बाही तिरक्या कापडावर काढलीया बघ, म्हणून अशी पडतीया," असं मला समजवायची. एका मोठ्या दुकानात तिने लटकवलेला झगा आतून उलटा करून शिवण तपासली, तेव्हा तिथली मुलगी धावत आली. मला वाटलं आता हाकलणार. तिने आक्काला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि कानडीत अदबीने विचारलं, मॅडम डिझायनर आहेत का? आक्काने डोळ्याची पापणीही न हलवता उत्तर दिलं, "हौदु." म्हणजे हो. बाहेर आल्यावर मात्र खांबाला धरून ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही कॉफी प्यायलो आणि तिने मला बजावलं, "गल्लीत सांगू नको. ब्लाउजची शिलाई वाढवली म्हणत्याल."

पाच वर्षांनी मी कोल्हापूरला परत आले, तोवर जमाना बदलला होता. मोबाइलवर मुली दहा कपड्यांत तीस जोड्या करून दाखवतात, त्याला 'कॅप्सूल वॉर्डरोब' म्हणतात, हे मी आक्काला मोठ्या उत्साहाने दाखवलं. तिने चष्मा पुसून अख्खा व्हिडिओ बघितला. "पोरगी बोलती लई," म्हणाली. "घडी घालायला येत न्हाय पण तिला." तरी थोड्या वेळाने तिने मोबाइल परत मागितला आणि त्या मुलीच्या जाकिटाचा खिसा मोठा करून बघितला. पुढच्या आठवड्यात तो खिसा आमच्या गल्लीत आला.

बसूदादाबद्दल सांगायला हवं. शिरोलीत त्याचं स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे, कष्टाळू आणि सरळ माणूस, आईला फुलासारखं जपणारा. पण तिचे चार दिवस जवळ आले की तो वेगळाच व्हायचा. पंधरा दिवस आधीपासून त्याला अडचणी सुचायच्या. गाडीचं काम काढलंय, पाहुणे येणार आहेत, तिकडे ताप पसरलाय. पेपरात अपघाताची बातमी आली की ती मोठ्याने वाचायचा. आक्का ऐकत ऐकत काज करत राहायची. ती गेली की चार दिवस त्याचं जेवण कमी, बोलणं बंद. आम्ही त्याला हट्टी म्हणायचो. बायको तर तोंडावर म्हणायची, "आईनं जरा मोकळं व्हावं हे ह्यांना बघवत न्हाय." मीही मनात त्याच्यावर बराच राग धरून होते, आणि हे इथे कबूल करते.

आक्का जाऊन आता दीड वर्ष झालं. शेवटपर्यंत दुकानात बसली, सकाळी पूजा करून चहा पिताना गेली, कुणाला त्रास नाही. मला तिची आठवण येत नाही असा दिवस क्वचित जातो. बॅग भरताना तर ती मागे दारात उभीच असते. पण लिहायला बसले ते तिच्या शेवटच्या शहरवारीच्या चार दिवसांसाठी.

त्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला होता. आयुष्यभर कात्री चालवलेला हात, तो वर उचलेना. वय अडुसष्ट. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, वजन उचलू नका. तरी लग्नसराई संपताच तिने हैदराबादचं नाव काढलं. या खेपेला विमानाने, कारण आता आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावरून तासाभरात हैदराबाद. तिकीट मी काढलं. बसूदादा भडकला. खूप बोलला आणि शेवटी म्हणाला, "जिना चढून दाखव. तुझाच कायदा हाय. चढलीस तर मी स्वतः सोडतो. न्हाय चढलीस तर हे दर वर्षीचं कायमचं बंद." आक्काने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चालंल."

तिने नेहमीसारखी बॅग भरली, डाव्या हातात घेतली आणि चढू लागली. आठव्या पायरीला थांबली. खाली आली, रेशमी साडी काढून ठेवली. पुन्हा चढली, बाराव्या पायरीला थांबली. जाकीट काढलं. तिसऱ्यांदा वरपर्यंत आली, पण तोंडातून शब्द निघेना. आई दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "आक्का, पुरे." ती खाली गेली. मोठा टॉवेल काढून पंचा ठेवला. उरलेली दुसरी साडी हातात धरून जरा वेळ बसली आणि तीही काढली. कॉटवर ढीग झाला आणि बॅग अगदी चपटी झाली. आत राहिला एक ब्लाउज, पंचा, आतले कपडे, गोळ्या आणि विभूतीची डबी. साडी फक्त अंगावरची. मग ती उठली आणि हळूहळू तीन फेऱ्या केल्या. बसूदादा जिन्याच्या तळाशी कठड्याला धरून उभा होता आणि प्रत्येक पायरीला मोजल्यासारखी त्याची मान हलत होती. तिसऱ्यांदा वर आल्यावर आईने कसाबसा प्रश्न विचारला, भाजी काय केलीस. "वांगं," आक्का म्हणाली. "शेंगदाण्याचा कूट भाजून घातलाय. थोडा गूळ." आवाज जागेवर होता.

बसूदादाने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मला आणि तिला घेऊन तो विमानतळावर गेला. दिवसभर त्याने त्या बॅगेला हात लावला नाही, हात पाठीमागे बांधून चालत होता. दारावरच्या जवानाने तिकीट बघून विचारलं, "आजी, सामान कुठाय?" आक्काने बॅग दाखवली. "सात किलोपर्यंत नेता येतं," तो म्हणाला. "म्हाईत हाय," आक्का म्हणाली. "मला दोनच उचलत्यात." ती आत गेली, मागे वळून बघितलं नाही, ते तिच्या स्वभावातच नव्हतं.

आम्ही कुंपणाच्या जाळीशी जाऊन उभे राहिलो. विमान धावपट्टीच्या टोकाला वळत होतं. बसूदादा माझ्याकडे न बघता बोलू लागला.

"मी नऊ वर्षांचा होतो. आप्पांना मिरजेच्या दवाखान्यात न्यायला गाडी आलती. आईनंच बॅग भरली त्यांची. आप्पा मला म्हणले, चार दिवसांत येतो." त्याने जाळीत बोटं अडकवली. "फुडच्या वर्षी आई बॅग घिऊन निघाली. ही पण म्हणाली, चार दिवसांत येतो. तवापासनं दर वर्षी म्हणती."

विमान उडालं. ते दिसेनासं होईपर्यंत तो बघत राहिला. पस्तीस वर्षं या माणसाने गाड्यांची कामं, पाहुणे आणि ताप पुढे केले होते. मी विचारलं, "दादा, तू तिला हे कधी सांगितलं नाहीस?"

"खुळी हायस काय?" तो म्हणाला. "सांगितलं असतं तर ती गेली नसती की."

चौथ्या दिवशी विमान दुपारी दोनला यायचं होतं. बसूदादा बाराला जाऊन उभा होता, मी दीडला पोचले. प्रवासी मोठमोठ्या बॅगा ओढत बाहेर आले, त्यांच्या मागून आक्का आली. अंगावर तीच जांभळी साडी, ब्लाउज उलटून डाळिंबी केलेला, हातात ती चपटी बॅग. बसूदादा जागचा हलला नाही. ती चालत त्याच्यापर्यंत आली, बॅग खाली ठेवली आणि डाव्या हाताने त्याची कॉलर सारखी केली.

"आलो रे," ती म्हणाली.